वाघाची झेप: एस्टोनियानें इंटरनेट कसें आत्मसात् केलें

बाल्टिक समुद्राच्या पूर्व किनाऱ्यावर एस्टोनिया नांवाचें एक लहानसें राष्ट्र आहे. उत्तरेस आखातापलीकडे सुमारें ८० किलोमीटरांवर फिन्लंड, पूर्वेस रशिया आणि दक्षिणेस लाटव्हिया, अशा चौकटींत हा देश बसलेला आहे. त्याचें क्षेत्रफळ सुमारें ४५,००० चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या सातव्या हिश्शाएवढें. आणि लोकसंख्या अवघी तेरा-चौदा लाख, म्हणजे एकट्या पुणें शहराहूनहि पुष्कळ कमी. निम्मी भूमि अरण्यानें व्यापलेली आणि हिवाळा दीर्घ व कडक. अशा या देशानें विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत इंटरनेट हें नवें साधन जवळ केलें, आणि दहा-पंधरा वर्षांच्या आंत शाळा, बँक, सरकारी कचेरी व मतदान या चारहि ठिकाणीं तें रूढ करून दाखविलें.

धनाढ्य राष्ट्रांना जें इतक्या लवकर साधलें नाहीं तें या देशास कसें साधलें, असा प्रश्न कोणाच्याहि मनांत सहज उभा राहील. परंतु त्या प्रश्नाच्या पोटांत आणखी एक प्रश्न आहे, आणि तो अधिक बिकट आहे. ज्या लोकांच्या घरीं सरकारी यादी म्हणजे एके काळीं हद्दपारीची चिठ्ठी होती, त्याच लोकांनीं आपल्या साऱ्या नोंदी सरकारच्या यंत्रांच्या हवालीं करण्यास मान्यता कां दिली?

हा प्रश्न नीट कळण्यासाठीं थोडें मागें गेलें पाहिजे. एस्टोनिया १९१८ सालीं स्वतंत्र झाला. १९४० मध्यें सोव्हिएट रशियानें तो गिळंकृत केला. १९४१ पासून १९४४ पर्यंत तेथें जर्मन सैन्याचा अंमल होता. आणि त्यानंतर पुन्हां सोव्हिएट सत्ता आली ती १९९१ पर्यंत टिकली. १९४१ च्या जून महिन्यांत सुमारें १०,००० माणसें, आणि १९४९ च्या मार्च महिन्यांत २०,००० हून अधिक माणसें रेल्वेच्या डब्यांत कोंबून दूर पूर्वेस पाठविण्यांत आलीं. १९४९ च्या हद्दपारांत तर बहुतेक स्त्रिया, मुलें व वृद्ध यांचाच भरणा होता. कोणास न्यावयाचें हें अगोदर तयार केलेल्या याद्यांवरून ठरलेलें असे. आपलें नांव यादींत कोणीं घातलें, कोणत्या कारणानें घातलें, हें घरच्या माणसांस कळत नसे. रात्रीं दारावर थाप पडली म्हणजेच यादीचा शोध लागे. ज्या राष्ट्राच्या स्मृतींत ही गोष्ट इतकी ताजी होती, तेथें नोंदवही या शब्दालाच संशयाचा वास येत असल्यास नवल नाहीं.

२० ऑगस्ट १९९१ रोजीं एस्टोनियानें आपलें स्वातंत्र्य पुन्हां स्थापन केलें. त्या वेळीं देशाची स्थिति फार हलाखीची होती. रूबलची किंमत दिवसेंदिवस घसरत होती आणि १९९२ च्या आरंभीं अन्न व इंधन यांची इतकी टंचाई झाली कीं तेथील सरकारास पायउतार व्हावें लागलें. २० जून १९९२ रोजीं क्रून हें स्वतःचें नाणें चालू करण्यांत आलें आणि आठ क्रून म्हणजे एक जर्मन मार्क असा भाव बांधून देण्यांत आला. निम्म्याहून अधिक घरांत टेलिफोनहि नव्हता. ज्या तारांवरून इंटरनेट यावयाचें त्या तारांचीच ही कथा.

मग या दरिद्री देशाजवळ भांडवल तें कोणतें होतें? पहिलें भांडवल विद्येचें. टार्टू येथील विद्यापीठ १६३२ सालचें आहे. टालिन या राजधानींत १९६० मध्यें सायबरनेटिक्स संस्था स्थापन झालेली होती, आणि तेथें गणिती व संगणकज्ञ यांची एक पिढी तयार झाली होती. दुसरें भांडवल शेजाराचें. फिन्लंडचें दूरचित्रवाणी-प्रसारण उत्तर किनाऱ्यावरील घरांत दिसत असे. फिन्निश भाषा एस्टोनियन भाषेची जवळची आप्त असल्यानें तें लोकांस समजेहि. आणि त्यामुळें पलीकडे जग कोठवर गेलें आहे हें अलीकडच्या लोकांस ठाऊक होतें. १९९२ मध्यें इंटरनेटवर एस्टोनियास 'ईई' ही स्वतःची राष्ट्रीय निशाणी मिळाली आणि संशोधनसंस्थांची बाहेरच्या जगाशीं थेट जोडणी झाली. १९९३ मध्यें शाळा, विद्यापीठें व संशोधनसंस्था यांसाठीं शिक्षणखात्यानें एक स्वतंत्र जाळें चालविणारी संस्था उभारली. आरंभ हा असा विद्वानांच्या अभ्यासिकेंतून झाला. बाजार आणि दरबार यांची पाळी नंतर आली.

या काळांतील एक गोष्ट एस्टोनियांत आवडीनें सांगितली जाते. फिन्लंडनें आपल्या टेलिफोन-व्यवस्थेंतील जुनीं यंत्रें काढून नवीं बसविण्याचें ठरविलें, तेव्हां उतरविलेलीं यंत्रें शेजाऱ्यास फुकट देऊं केलीं. ज्या देशांत टेलिफोनसाठीं लोक ताटकळत बसले होते, त्या देशानें ही देणगी दोन्ही हातांनीं घ्यावी, असेंच कोणासहि वाटेल. परंतु एस्टोनियानें ती नाकारली. जुनें यंत्र फुकट मिळालें तरी त्याची दुरुस्ती व देखभाल फुकट होत नाहीं, आणि दहा वर्षांनीं तें मोडींत काढून नवें घ्यावें लागतें तें लागतेंच, असा त्यामागें हिशेब होता. १९९३ मध्यें स्वीडन व फिन्लंड येथील टेलिफोन-कंपन्यांस भागीदार करून घेऊन नवी कंपनी स्थापन झाली. ५१ टक्के भाग राज्यानें स्वतःकडे ठेवला आणि घरगुती टेलिफोनचा मक्ता त्या कंपनीस २००० सालाच्या अखेरपर्यंत दिला. मक्ता म्हटला म्हणजे ग्राहकास दुसरें दुकान उरत नाहीं, ही त्याची उणी बाजू; परंतु नवीं यंत्रें घेण्यास लागणारा पैसा त्यामुळें उभा राहिला.

१९९२ च्या निवडणुकीनंतर मार्ट लार हे पंतप्रधान झाले तेव्हां त्यांचें वय ३२ वर्षांचें होतें. ते व्यवसायानें इतिहासकार. त्यांच्या प्रधानमंडळांत तरुणांचाच भरणा होता आणि जुन्या राजवटींतील कारभाराच्या संवयी त्यांना जडलेल्या नव्हत्या. १९९४ पासून त्यांनीं प्राप्तीवर सर्वांस एकाच दराचा, शेंकडा २६ असा कर बसविला. ही गोष्ट वरवर पाहतां इंटरनेटशीं संबंध नसलेली वाटते. पण संबंध आहे आणि तो घट्ट आहे. ज्या देशाचा करच दहा पायऱ्यांचा व शंभर सवलतींचा असतो, त्या देशांत कराचें विवरणपत्र यंत्रास समजावून सांगणें कर्मकठीण. येथें कर सोपा होता म्हणून त्याचा कागदहि सोपा झाला, आणि कागद सोपा झाला म्हणूनच पुढें तो यंत्रावर चढविणें शक्य झालें. कारभार आधीं सुटसुटीत करावा आणि मग त्यास यंत्राची जोड द्यावी, हा क्रम येथें पहिल्यानें दिसतो.

यानंतरची हकीकत तीन ठिकाणीं एकाच सुमारास घडली: शाळेंत, बँकेंत आणि कचेरींत. प्रथम शाळा घेऊं. तूमस हेन्ड्रिक इल्व्हेस हे त्या वेळीं वॉशिंग्टन येथें एस्टोनियाचे राजदूत होते. पुढें २००६ ते २०१६ या काळांत ते राष्ट्राध्यक्ष झाले. निर्वासित आईबापांच्या पोटीं त्यांचा जन्म स्वीडनमध्यें झाला व शिक्षण अमेरिकेंत झालें, आणि शाळेंत असतांनाच संगणकास आज्ञा लिहिण्याची विद्या त्यांस मिळाली होती. जेरेमी रिफ्किन या अमेरिकन लेखकाचें यंत्रांमुळें माणसांचें काम कसें नाहींसें होईल हें सांगणारें पुस्तक १९९५ मध्यें प्रसिद्ध झालें. तें वाचून इल्व्हेस यांच्या मनानें नेमका उलटा निष्कर्ष काढला. जेथें माणसें उदंड आहेत तेथें यंत्र हें संकट असेल. परंतु जेथें माणसेंच थोडीं, तेथें थोड्यांच्या हातून पुष्कळांचें काम करून घेणारें यंत्र हें वरदान होय. लहान राष्ट्राचें लहानपण हेंच या युक्तिवादाचें मूळ होतें.

शिक्षणमंत्री याक आविकसू यांनीं ही कल्पना उचलून धरली, आणि २१ फेब्रुवारी १९९६ रोजीं राष्ट्राध्यक्ष लेन्नार्ट मेरी यांनीं तिची राष्ट्रास घोषणा केली. योजनेस 'वाघाची झेप' असें नांव देण्यांत आलें. त्या काळीं पूर्व आशियांतील झपाट्यानें वर आलेल्या लहान राष्ट्रांस 'वाघ' म्हणण्याची रीत होती. तसा वाघ बाल्टिक किनाऱ्यावरहि उठावा, अशी त्यांत आकांक्षा होती. १९९७ मध्यें योजना चालविण्यासाठीं स्वतंत्र संस्था स्थापन झाली. तिनें तीन कामें अंगावर घेतलीं: शाळांतून संगणक व इंटरनेट पोंचविणें, शिक्षकांस शिकविणें, आणि एस्टोनियन भाषेंत शिक्षणोपयोगी साहित्य तयार करणें. यंत्रांच्या खर्चाचा वांटा स्थानिक मंडळांनींहि उचलावयाचा होता. त्यामुळें शाळेंत आलेला संगणक ही केवळ वरून पडलेली देणगी राहिली नाहीं, गांवकऱ्यांनीं पदरमोड करून आणलेली वस्तु झाली.

या तीन कामांपैकीं दुसऱ्याकडे व तिसऱ्याकडे विशेष लक्ष दिलें पाहिजे, कारण अन्य देशांतील अशा योजना बहुधा पहिल्याच कामापाशीं थांबतात. यंत्रें येतात, खोलीस कुलूप लागतें, आणि पाहुणे आले म्हणजे खोली उघडली जाते. एस्टोनियांत ४० तासांचा एक प्राथमिक अभ्यासक्रम आंखला गेला आणि हजारों शिक्षकांनीं तो पुरा केला. आरंभीं शिक्षकवर्गांतून या योजनेस विरोध झाला नाहीं असें नाहीं. शाळेचें छप्पर गळत असतांना, शिक्षकांचा पगार तुटपुंजा असतांना, संगणकांवर पैसा कां घालावा, ही तक्रार रास्तच होती. परंतु शिक्षक स्वतः शिकूं लागला तशी तिची धार कमी झाली. तिसरें काम भाषेचें. सुमारें अकरा लाख लोकांची मातृभाषा जर संगणकावर आली नाहीं तर मुलें परभाषेंतच खेळतील, वाचतील आणि अखेरीस विचारहि तींतच करतील, ही भीति खोटी नव्हती. पन्नास वर्षें दुसऱ्या भाषेच्या दडपणाखालीं काढलेल्या लोकांस हें समजावून सांगावें लागलें नाहीं. २००१ च्या सुमारास देशांतील सर्व शाळा इंटरनेटनें जोडल्या गेल्या होत्या.

दुसरें ठिकाण बँकेचें. सोव्हिएट काळीं लोकांस ठाऊक असलेली बँक म्हणजे सरकारी बचतपेढी. स्वातंत्र्याच्या सुमारास नव्या खाजगी बँका निघाल्या आणि त्यांतील कांहीं लवकरच कोसळल्या. १९९२ च्या अखेरीस टार्टू येथील एक मोठी बँक बुडाली तेव्हां सरकारनें तिला तारण्याचें नाकारलें. ठेवीदारांचे हाल झाले. पण ज्या बँका उरल्या त्यांनीं काटकसर व शिस्त यांचा धडा घेतला. त्यांच्यापुढें अडचण अशी होती कीं गांवें विरळ, ग्राहक थोडे, आणि प्रत्येक गांवीं शाखा काढणें परवडणारें नव्हतें. दुसऱ्या बाजूस त्यांना एक सोयहि होती: शंभर वर्षांच्या जुन्या वह्या, जुनीं यंत्रें व चेकांचा व्यवहार यांचें ओझें त्यांच्या पाठीवर नव्हतें. चेकाची पायरी त्या देशानें जवळजवळ चढलीच नाहीं. १९९६ मध्यें एस्टोनियन बँकांनीं इंटरनेटवरून खातें पाहण्याची व पैसे पाठविण्याची व्यवस्था सुरू केली. ग्राहकास क्रमांक छापलेली एक लहानशी पत्रिका देण्यांत येई. खातें उघडतांना यंत्र त्यांतील एखादा क्रमांक विचारी, आणि तो बरोबर असेल तरच दार उघडे. ही पत्रिका लोकांच्या खिशांत रुळली आणि तिच्याबरोबर यंत्रावर विसंबण्याची संवयहि रुळली.

बँकांस एक गोष्ट मात्र लौकर कळून चुकली. ज्याला यंत्र वापरतां येत नाहीं तो ग्राहक यंत्राजवळ येणारच नाहीं. शाळेंतील मूल शिकत होतें. पण त्याचे आजी-आजोबा, कारखान्यांतील कामगार, शेतकरी यांचें काय? २००१ मध्यें मोठ्या बँका व टेलिफोन-कंपन्या यांनीं एकत्र येऊन 'जग पाहा' या अर्थाच्या नांवाची एक संस्था काढली. २००२ ते २००४ या काळांत तिनें एक लाखाहून अधिक प्रौढांस संगणक व इंटरनेट यांचे प्राथमिक धडे विनामूल्य दिले. देशांतील प्रौढांपैकीं हा सुमारें दहावा हिस्सा होय. या कामांत बँकांचा स्वार्थ होता, हें उघड आहे. कारण इंटरनेटवर आलेला ग्राहक खिडकीवर आलेल्या ग्राहकापेक्षां स्वस्त पडतो. परंतु स्वार्थ आणि लोकहित एकाच रस्त्यानें चालूं लागले तर त्यांत वाईट कांहीं नाहीं. सार्वजनिक वाचनालयांत इंटरनेट विनामूल्य असावें अशी तरतूद २००१ पासून अंमलांत आलेल्या माहितीच्या कायद्यानें केली. रस्त्याच्या कडेला जशी पेट्रोलची किंवा दवाखान्याची पाटी असते, तशी इंटरनेटची जागा दाखविणारी निळी पाटी खेड्यापाड्यांच्या वाटेवर दिसूं लागली.

तिसरें ठिकाण सरकारी कचेरीचें. १९९८ मध्यें कायदेमंडळानें माहितीविषयक धोरणाचीं मूलतत्त्वें मान्य केलीं. २००० सालीं तीन गोष्टी घडल्या. प्राप्तिकराचें विवरणपत्र इंटरनेटवरून भरतां येऊं लागलें. मार्ट लार पुन्हां पंतप्रधान झाले होते, त्यांच्या प्रधानमंडळाच्या बैठकी ऑगस्टपासून कागदांच्या गठ्ठ्यांऐवजीं संगणकाच्या पडद्यावर चालूं लागल्या. आणि संगणकावरील सहीस हातच्या सहीइतकीच किंमत देणारा कायदा संमत झाला. करवसुलीच्या खात्यानें येथें एक व्यवहारचातुर्याची गोष्ट केली. नागरिकाची ओळख पटविण्यासाठीं त्यानें स्वतःचें नवें यंत्र न उभारतां बँकांनीं दिलेली ओळखच मान्य केली. बँकेची किल्ली सरकारच्या कुलुपास लागूं लागली. ज्यानें यंत्रावरून विवरणपत्र भरलें त्याचा जादा भरलेला कर लौकर परत मिळे. हें पाहून शेजाऱ्यानें पुढल्या वर्षीं तोच मार्ग धरला. त्याच वर्षीं टालिनमध्यें मोटार उभी करण्याचें भाडें खिशांतील टेलिफोनवरून देण्याची सोयहि निघाली.

डिसेंबर २००१ मध्यें 'एक्स-रोड' नांवाची जोडणी सुरू झाली. या सर्व इतिहासांतील मर्माची जागा ती हीच. साऱ्या नागरिकांची सारी माहिती एका मोठ्या कोठारांत भरून ठेवणें, ही कल्पना दिसावयास सोपी. परंतु तें कोठार बांधण्यास पैसा पुष्कळ लागला असता, आणि एकदां फोडलें कीं सगळेंच लुटलें गेलें असतें. एस्टोनियानें कोठार बांधलें नाहीं, रस्ता बांधला. लोकसंख्येची नोंद त्या खात्याकडे, कराची नोंद कराच्या खात्याकडे, वाहनांची नोंद वाहनांच्या खात्याकडे, अशा वह्या आपापल्या कपाटांतच राहिल्या. एका खात्यास दुसऱ्याकडील नोंद हवी असेल तर तें प्रश्न पाठवितें. प्रश्न व उत्तर मोहोरबंद होऊन गुप्तलिपींत जातात. आणि कोणीं केव्हां काय विचारलें याची खूण मागें राहते. नागरिकानें एकदां दिलेली माहिती दुसऱ्या खात्यानें त्याच्याकडे पुन्हां मागूं नये, हें तत्त्व यांतूनच पुढें आलें. २८ जानेवारी २००२ पासून नवीं ओळखपत्रें देण्यास आरंभ झाला. त्या पत्रांत एक बारीक यंत्र बसविलेलें असे आणि त्याच्या आधारें सही करतां येई. कार्ड घेणें सक्तीचें होतें. परंतु पहिलीं कांहीं वर्षें बहुतेकांनीं तें केवळ ओळख दाखविण्यापुरतेंच वापरलें.

आरंभीं विचारलेल्या बिकट प्रश्नाचें उत्तर येथें सांपडतें. आपली नोंद कोणीं उघडून पाहिली हें नागरिकास स्वतः पाहतां यावें, अशी सोय या व्यवस्थेंत हळूहळू वाढत गेली. कारणावांचून दुसऱ्याची नोंद चाळणाऱ्या नोकरास जाब द्यावा लागतो, आणि तशा अपराधांबद्दल दंड झालेले आहेत. १९४९ च्या यादीपुढें शेतकरी आंधळा होता आणि यादी करणारा डोळस होता. नव्या नोंदवहींत पाहणाऱ्याकडेहि पाहणारा कोणी आहे. लोकांनीं यंत्रावर विश्वास ठेवला तो यंत्र चमत्कारिक होतें म्हणून नव्हे, तर त्याच्या आड कोणास लपतां येत नव्हतें म्हणून. शिवाय जुना मार्गहि बंद केला नव्हता. ज्यास कागदच हवा त्यास कागद मिळत होता.

या विश्वासाची कसोटी पुढें अनेक वेळां लागली. २००५ च्या स्थानिक निवडणुकींत इंटरनेटवरून मत देण्याची मुभा देण्यांत आली. साऱ्या देशभर व बंधनकारक अशा निवडणुकींत ही रीत जगांत प्रथम तेथेंच वापरली गेली. इंटरनेटवर दिलेलें मत मुदतीच्या आंत बदलतां यावें असा नियम होता. कोणीं धाकदपटशानें मत देवविलें तर मतदारास मागाहून एकांतांत तें फिरवितां यावें, हा त्याचा हेतु. राष्ट्राध्यक्ष आर्नोल्ड र्‍यूटेल यांनीं यास हरकत घेतली. एकास मत बदलतां यावें आणि दुसऱ्यास न यावें, ही समता नव्हे, असें त्यांचें म्हणणें होतें. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढें गेलें व न्यायालयानें कायदा वैध ठरविला. त्या निवडणुकींत ९,३१७ मतदारांनीं ही रीत वापरली. मत देणाऱ्यांत त्यांचें प्रमाण शेंकडा दोनहूनहि कमी होतें. २०२३ च्या कायदेमंडळाच्या निवडणुकींत मात्र निम्म्याहून अधिक मतें या मार्गानें पडलीं. मधल्या काळांत टीकाहि झाली. २०१४ मध्यें परदेशी संशोधकांच्या एका गटानें या पद्धतीचे दोष उघडपणें मांडले, आणि तो वाद अद्याप पूर्ण मिटलेला नाहीं.

२००७ च्या एप्रिल महिन्यांत टालिनच्या मध्यभागीं असलेला सोव्हिएट सैनिकाचा पुतळा सरकारनें लष्करी दफनभूमींत हलविला. शहरांत दंगल उसळली, आणि पाठोपाठ कायदेमंडळ, मंत्रालयें, बँका व वृत्तपत्रें यांच्या संगणकांवर बाहेरून मागण्यांचा इतका भडिमार झाला कीं तीं वारंवार बंद पडूं लागलीं. हा उपद्रव सुमारें तीन आठवडे चालला. एस्टोनियानें रशियाकडे बोट दाखविलें; रशियानें इन्कार केला. जो देश सर्व व्यवहार तारेवर चढवितो त्यास तारेवरूनच घेरतां येतें, हें त्या दिवसांत सर्वांस दिसलें. २०१७ मध्यें दुसरी कसोटी आली. ओळखपत्रांतील बारीक यंत्रांत एक दोष असल्याचें संशोधकांनीं कळविलें आणि सुमारें साडेसात लाख पत्रें त्याच्या कक्षेंत येत होतीं. सरकारनें ती गोष्ट झांकून न ठेवतां पंतप्रधानांच्या तोंडून जाहीर केली, नोव्हेंबरच्या आरंभीं सदोष पत्रांचा यांत्रिक उपयोग थांबविला, आणि घरबसल्या त्यांचें नूतनीकरण करण्याची सोय करून दिली. दोष लपविला असता तर तो कदाचित् कोणास कळलाहि नसता. पण कळला असता त्या दिवशीं वीस वर्षांची कमाई बुडाली असती. महत्त्वाच्या नोंदींची एक प्रत देशाबाहेर, लक्झेंबर्ग येथें, वकिलातीच्या इतमामानें ठेवण्याचा करारहि त्याच वर्षीं झाला. ज्या राष्ट्राची भूमि एकदां हातची गेली होती, त्यानें निदान आपलें दफ्तर तरी शत्रूच्या हातीं पडूं नये अशी तजवीज केली.

या यशाचें वर्णन करतांना त्याच्या मर्यादाहि सांगितल्या पाहिजेत. २००३ मध्यें एस्टोनियन तंत्रज्ञांनीं घडविलेली स्काइप ही दूरसंभाषणाची युक्ति जगभर गाजली, २००५ मध्यें ती २६० कोटी डॉलरांस विकली गेली, आणि २०२५ मध्यें बंदहि पडली. पण तिच्यांतून मिळालेला पैसा व अनुभव नव्या उद्योगांत गेला. हें तरुणांपुरतें झालें. नार्वा व ईशान्येकडील इतर शहरांत रशियन भाषिकांची वस्ती मोठी आहे. १९९१ नंतर त्यांतील पुष्कळांस नागरिकत्व आपोआप मिळालें नाहीं. मुलाच्या शाळेंत संगणक आला म्हणून वडिलांच्या मनांतला दुरावा गेला, असें झालें नाहीं. बँकेची खिडकी व टपालकचेरी खेड्यांतून उठूं लागली तेव्हां म्हाताऱ्या माणसांस बोलावयास समोर कोणी उरलें नाहीं. आणि लोकसंख्या १९८९ च्या गणनेंत सुमारें १५ लक्ष ६५ हजार होती ती २०११ च्या गणनेंत १२ लक्ष ९४ हजारांवर आली. रशियन लष्कर व त्याबरोबरचे लोक परत गेले, तरुण पोटासाठीं फिन्लंडकडे व पश्चिमेकडे गेले, आणि जन्म घटले. यंत्रानें थोड्या माणसांचें काम भागविलें. माणसें मात्र त्यास निर्माण करतां आलीं नाहींत.

तरीहि एस्टोनियाचा हा इतिहास ज्या क्रमानें घडला तो क्रम ध्यानांत ठेवण्याजोगा आहे. त्या देशानें आधीं कर सोपा केला आणि मग तो यंत्रावर चढविला. शिक्षकास आधीं शिकविलें आणि त्याच्या हातीं वर्ग दिला. म्हाताऱ्यांसाठीं वाचनालयाचें दार उघडलें आणि मग त्यांच्याकडून नव्या रीतीची अपेक्षा केली. नोंदी जोडण्यापूर्वीं त्या कोणीं पाहिल्या हें कळण्याची वाट आंखली. संगणक व तारा पैसे टाकले कीं कोणत्याहि राष्ट्रास विकत मिळतात. परंतु सरकारच्या कपाटांतील आपला कागद सुरक्षित आहे, असें म्हणून रात्रीं निश्चिंत झोंपणारा नागरिक विकत मिळत नाहीं. त्याला तसें वाटावें असें वर्षानुवर्षें वागावें लागतें. हद्दपारीच्या याद्या ज्यांच्या आजोबांनीं पाहिल्या, त्यांचीं नातवंडें आज आपल्या नोंदी स्वतः उघडून पाहतात. आणि त्या देशाची खरी झेप हीच होय.